आखणीच्या हाताचा दावा

हवालदारांनी विचारलं, “धंदा काय करता?” आणि मी म्हणाले, “काय नाय, घरीच असते.”

या एका वाक्यापायी पुढची तीन वर्षं मी अलिबागच्या कोर्टाचे जिने चढले-उतरले. हवालदारांची काहीच चूक नव्हती. मी रोह्याच्या दवाखान्यात खाटेवर पडले होते, उजवा हात फळीला बांधलेला होता, आणि ते बिचारे उभ्या उभ्या जबाब लिहून घेत होते. त्यांनी ‘घरकाम’ असं लिहिलं, मला वाचून दाखवलं, आणि मी मान हलवली. सहीला उजवा हात नव्हता म्हणून डाव्या हाताचा अंगठा घेतला. बारावी झालेली बाई मी, आयुष्यात पहिल्यांदा अंगठा दिला. तेव्हा मला त्या अंगठ्याचाच राग आला होता. खरी गफलत त्याच्या वरच्या ओळीत होती, ती कळायला वर्ष जावं लागलं.

झालं होतं ते असं. मे महिन्यातली दुपार. भाचीच्या मुलाचं बारसं म्हणून मी पेणहून रेल्वेने रोह्याला गेले होते. स्टेशनाबाहेरच्या गल्लीतून चालले होते. पुढे एका कंपनीची बस उभी होती, शिफ्टची माणसं उतरवून रिकामी झालेली. वळायला जागा नव्हती म्हणून ड्रायव्हरने ती रिव्हर्स घेतली. मागे उभं राहून ‘येऊ दे, येऊ दे’ करणारा क्लीनर असतो, तो नव्हता. मी ओरडले. मला वाटलं आरशात दिसले असेन. ड्रायव्हर फोनवर बोलत होता. हे त्यानेच दवाखान्यात मला रडकुंडीला येऊन सांगितलं, आणि पुढे लेखी देताना त्यानेच नाकारलं. बसची मागची शिडी आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये माझं उजवं मनगट सापडलं. बाकी मी धडधाकट. पिशवीतलं बाळाचं झबलंसुद्धा चुरगळलं नव्हतं.

आता मी ‘घरीच’ का म्हणाले, ते सांगते. पेणजवळच्या आमच्या हमरापुरात कुठल्याही बाईला विचारा, “काय करतेस गो?” ती म्हणेल, “काय नाय, घरीच.” असं म्हणताना तिच्या मांडीवर गणपती असतो, कोपरापर्यंत हात रंगलेला असतो आणि मागे भिंतीला लागून वाळत ठेवलेल्यांची रांग असते. गणपती करतात त्या जागेला आम्ही कारखाना म्हणतो, पण तो घराच्याच पडवीत नाहीतर मागच्या अंगणात ताडपत्रीखाली असतो. कारखाना पुरुषाच्या नावाचा. बाई घरीच. मीही लग्नापासून तेच म्हणत आले. खोटं बोलतेय असं एकदाही मनात आलं नाही.

आणि मी काय करत होते? आखणी. साच्यातून मूर्ती काढणं, घासणं, अंगाला रंग मारणं, शेला, दागिने, ही कामं वाटून होतात. डोळे सगळ्यात शेवटी, आणि ते गावात मोजक्याच हातांकडे येतात. त्याला आमच्याकडे आखणी म्हणतात. आधी पापणीची रेघ, मग बुबुळ, मग त्यात पांढरा ठिपका. ऐकायला काहीच नाही. पण डोळे होईपर्यंत ती नुसती वस्तू असते. आम्ही तिला ओलांडून जातो, मांजर शेपटीने तिला पाडेल म्हणून मांजरावर खेकसतो. डोळे झाले की कुणाला सांगावं लागत नाही, आपोआप आवाज खाली येतो. लग्न होऊन आले तेव्हा शाळेतल्या चित्रकलेत काठावर पास झालेली मुलगी होते मी. सासूबाईंनी पहिली दोन वर्षं नुसता ब्रश धुवायला दिला. त्यानंतर तीस वर्षं आमच्या कारखान्यातला एकही गणपती माझ्या हाताखालून गेल्याशिवाय गाडीत चढला नाही.

मनगटात धातूची पट्टी बसवली, टाके निघाले, पेणला व्यायामाला जाऊ लागले. पाच-सहा महिन्यांत भाकरी थापू लागले, बादली उचलू लागले. लोक म्हणाले, “बरा झाला गो हात.” मीही म्हणायची, बरा झाला. फक्त आखणीचा, सगळ्यात बारीक शून्य नंबरचा ब्रश धरला की अंगठ्याच्या मुळाशी काहीतरी सुटायचं. रेघ निघायची नाही असं नाही, निघायची. पण मध्येच एक बारीक हिसका बसायचा, आणि गणपती एखाद्याला डोळा मारतोय असं दिसायचं. घरात कुणी नसताना मी फुटक्या फरशीच्या तुकड्यावर रेघा ओढत बसायची. “काय गो, जमतंय?” असं आमच्या ह्यांनी विचारलं की म्हणायची, “येईल हळूहळू.”

भरपाईच्या दाव्यासाठी धरलेला वकील भाचीच्या ओळखीचा. रोह्याचाच, कोकणी मुसलमानाचा मुलगा. दोन्ही मोठे भाऊ आखातात, हा एकटा इथे कायदा शिकून राहिलेला. मला पहिल्या दिवसापासून मावशी म्हणायला लागला. पोलिसांचे कागद वाचता वाचता थांबला.

“मावशी, हे काय? घरकाम?”

“बरोबर हाय की. घरात काम करते म्हणून घरकाम.”

त्याने कपाळाला हात लावला. मग समजावून सांगितलं ते मला इतकं नवं होतं की मी घरी येऊन सगळ्यांना पुन्हा सांगितलं. कायदा नुसतं काय मोडलं ते विचारत नाही, मोडल्यामुळे काय अडलं ते विचारतो. मनगट मोडलं तर गवयाचं काही अडत नाही, तबलजीचं सगळंच अडतं. मनगट तेच, भरपाई वेगळी. तुमच्या कागदावर घरकाम आहे आणि तुम्ही भाकरी थापताय, म्हणजे कायद्याच्या हिशेबी तुमचं काही अडलेलंच नाही.

मी विचारलं, “मग माझं काय अडलंय ते कागदाला कोण सांगणार?”

“तुम्हीच. आणि सिद्धही तुम्हीच करायचं.”

त्यासाठी तो एक दिवस हमरापूरला आला. चांगली सकाळभर बसला. त्याच्या घरात गणपती नाही, पण त्याच्यासारखे प्रश्न मला आजवर गणपती नेणाऱ्यांनीही विचारले नव्हते. उजवा डोळा आधी का डावा? ब्रश संपला कसा कळतो? चुकलेला डोळा पुसता येतो का? मला मनापासून आवडला तो माणूस. जाताना म्हणाला, “पहिला डोळा काढणं अवघड, की दुसरा?”

“दुसरा,” मी म्हटलं. “पहिला कसाही येऊ दे, तो बरोबरच असतो. दुसरा त्याच्या जोडीचा यायला लागतो. तीच आखणी.”

त्याने ते वहीत लिहून घेतलं.

मग हाताचं माप. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात अपंगत्व शेकड्यात मोजतात हे मला माहीतच नव्हतं. डॉक्टरांनी शाळेच्या कंपासपेटीतल्या कोनमापकासारखं काहीतरी मनगटाला लावलं आणि हात वर, खाली, आडवा करायला लावला. मी प्रत्येक वेळी आकडा विचारायची. तिसऱ्यांदा ते म्हणाले, “बाई, तुम्हाला परीक्षा द्यायचीय का?” मग मूठ वळायला लावली, सदऱ्याचं बटण लावायला लावलं. सगळं जमलं. मी विचारलं, केसाएवढी रेघ ओढता येते का, ते यात कुठे मोजतात? त्यांनी यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “ते यात येत नाही,” म्हणाले. शेकडा बारा असा दाखला मिळाला. मला गंमत वाटली, की उरलेला अठ्ठ्याऐंशी हात नक्की कुठल्या कामाचा धरला असेल.

मध्ये लोकअदालत झाली. बसच्या विमा कंपनीने ‘गृहिणी’ धरून तडजोड करायची तयारी दाखवली. आमचे हे म्हणाले, “घे गो, मिटव. कोण खेटे घालील?” ते काही चुकीचं बोलत नव्हते. प्रत्येक तारखेला कारखाना सोडून तेच माझ्यासोबत येत होते, आणि त्या वर्षीचे डोळे शेजारच्या गावातल्या एका बाईकडून विनवण्या करून काढून घेतले होते. पण मी हटून बसले. तीस वर्षं मीच म्हणत आले होते की मी घरी असते. आता कुणीतरी सरकारी माणूस त्याच्यावर शिक्का मारून देणार आणि मी तो घेणार? तळपायाची आग मस्तकात गेली. खरं तर राग माझाच मला आला होता, पण बोलणी खाल्ली ह्यांनी.

एक सांगायला हवं. मला कोर्टाला पटवायचं होतं की हात गेला. आणि घरी फरशीच्या तुकड्यासमोर स्वतःला पटवायचं होतं की गेलेला नाही. दोन्ही खटले एकाच वेळी चालू होते.

साक्षीचं प्रतिज्ञापत्र वकिलाने नीट करून घेतलं. ‘मी मागील तीस वर्षांपासून आखणीचे काम करीत आले आहे,’ असं पहिलंच वाक्य. मी वाचलं, सही केली, या वेळी डळमळीत का होईना पण सहीच केली. आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही की आखणी या शब्दाला हमरापूरच्या वेशीबाहेर दुसरा अर्थ आहे.

विमा कंपनीचे वकील उलटतपासणीला उभे राहिले. वयस्क, गोड बोलणारे.

“आखणी रस्त्याची करता की प्लॉटची?”

मला प्रश्नच कळला नाही.

“तुमच्याकडे सर्व्हेअरचं लायसन आहे?”

“कसलं?”

“बाई, जमिनीची आखणी करायला शिक्षण लागतं. तुम्ही बारावी. मग तीस वर्षं कसली आखणी करत होतात?”

“डोळ्यांची,” मी म्हटलं.

टाइप करणारी मुलगी थांबली. “म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरकडे?” वकिलांनी विचारलं, आणि मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मग मात्र माझा पारा चढला. “साहेब, तुमच्याकडे गणपती येतो ना? तो तुमच्याकडे बघतो ना? ते बघणं कुणीतरी काढतं. ते मी काढते.” न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, “सावकाश सांगा. लिहून घ्यायचंय.” मी पापणीपासून पांढऱ्या ठिपक्यापर्यंत सगळं सांगितलं. त्यांनीही दोन प्रश्न विचारले, कोर्टाचे नव्हेत, स्वतःचे.

पण वकील सोडणारे नव्हते. “तुम्ही डोळे काढलेली एक तरी मूर्ती कोर्टाला दाखवा.”

“नाय दाखवता येणार.”

“का?”

“सगळ्या बुडाल्या.”

आता सगळेच हसले, मीसुद्धा. खरंच होतं ते. तीस वर्षांचं काम, आणि दाखवायला पुरावा एकही नाही. दर वर्षी लोक वाजतगाजत नेतात आणि पाण्यात सोडतात. आमच्या धंद्याकडे मी या बाजूने कधी पाहिलंच नव्हतं. फोटो होते, पण फोटोतले डोळे माझेच कशावरून? मूर्तीखाली कुणी सही करत नाही.

शेवटी त्या वकिलांनीच मागणी केली. अर्जदार म्हणते हाताने काम होत नाही, तर कोर्टासमोर करून दाखवू दे. आमच्या वकिलाने हरकत घेतली. मी त्याच्या कोटाची बाही ओढली आणि म्हटलं, घेऊ दे. मला स्वतःलाच बघायचं होतं.

पुढच्या तारखेला आम्ही हातभर उंचीची बिनडोळ्यांची मूर्ती कापडात गुंडाळून एसटीने अलिबागला नेली. कोर्टाच्या व्हरांड्यात कापड जरा सरकलं तर एक पट्टेवाला चप्पल काढून हात जोडायला आला. ह्यांनी त्याला थांबवलं, “अजून नाय, दादा. डोळे व्हायचेत.” वकील माझ्या कानाशी म्हणाला, “मावशी, नाटक करू नका. पण पैलवानकीही करू नका. हात थरथरला तर थरथरू द्या.”

मी हो म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं.

टेबलावर मूर्ती ठेवली. काळा रंग, वाटीत पाणी, ब्रश. मी ब्रश ओठांनी टोकदार केला, डाव्या हाताने उजवं मनगट आवळून धरलं आणि श्वास रोखला. त्या क्षणी मी दावा, विमा, वकिलाचं सांगणं, सगळं विसरले. समोर गणपती होता आणि मला वाईट डोळा काढता येईना. हात कापत होता, आणि मी जीव खाऊन तो कापू देत नव्हते. पापणीची रेघ ओढायला घाम फुटला. बुबुळ भरलं. पांढरा ठिपका ठेवला. पूर्वी जेवढ्या वेळात चार मूर्ती व्हायच्या तेवढा वेळ लागला. पण डोळा आला. सुरेख आला. असा डोळा मी हात चांगला असतानाही कधीतरीच काढला असेल.

मान वर केली तर आमचा वकील खाली बघत होता. ह्यांच्या डोळ्यांत पाणी. आणि समोरचे वकील हसत म्हणाले, “हात उत्तम आहे की. नोंद व्हावी.”

तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. आपला दावा आपणच, आपल्याच ब्रशने पुसून टाकला होता. आणि खरं सांगते, त्या घटकेला मला त्याचं सोयरसुतक नव्हतं. आला होता ना डोळा!

आमचा वकील उभा राहिला. त्याने वहीचं एक पान उलटलं आणि न्यायाधीशांना म्हणाला, “मॅडम, काम अर्धंच झालंय. अर्जदाराला दुसरा काढायला सांगावा.”

मी त्याच्याकडे रागाने पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

मूर्ती जरा फिरवली. ब्रश पुन्हा टोकदार केला. मनगट धरलं, पण ते आता धरून घेईना. पहिल्या डोळ्याने होतं नव्हतं ते सगळं घेतलं होतं. पापणी सुरू झाली आणि मध्येच खाली सांडली. मी ओल्या फडक्याने पुसली. पुन्हा ओढली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ब्रश टेकवलाच नाही. एक डोळा माझ्याकडे बघत होता आणि दुसऱ्या जागी काळपट डाग होता. न्यायाधीशांनी हळूच विचारलं, “काढताय ना?”

“नाय जमत,” मी म्हटलं.

हे मी कुणालाच म्हटलं नव्हतं. ह्यांना नाही, भाचीला नाही, फरशीच्या तुकड्यालाही नाही. टाइप करणाऱ्या मुलीने ते दोन शब्द तसेच टाइप केले. कारकुनाने विचारलं, मूर्ती पुरावा म्हणून ठेवून घ्यायची का, तिला निशाणी नंबर द्यायचा का. मी म्हटलं, “एका डोळ्याचा गणपती कोर्टात ठेवू नका हो.” मग फोटो काढून घेतले आणि मूर्ती आमच्या हवाली केली. परतताना ती माझ्या मांडीवर होती. घरी आल्यावर तो सुरेख डोळा मीच पुसला, कारण अर्धवट ठेवता येत नाही. पुसताना हात अजिबात कापला नाही.

निकाल काही महिन्यांनी लागला. नक्कल घेऊन वकील पेणच्या स्टँडवर आम्हाला भेटला, तोंडभर हसत. चूक बसवाल्याची ठरली होती, शेकडा बाराचा दाखला बाजूला ठेवला होता, आणि विमा कंपनीला भरपाई द्यायला सांगितलं होतं. ह्यांनी चहा सांगितला. निकाल मराठीत होता. “तुमची ओळ ऐका,” म्हणत वकिलाने खुणेचं पान काढलं आणि वाचलं, “अर्जदार या गणेशमूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या कुशल कारागीर होत्या, हे शाबीत झाले आहे.”

“परत वाचा.”

त्याने पुन्हा वाचलं. मला कुशलही आवडलं, कारागीरही आवडलं. मी म्हटलं, “वकीलसाहेब, ते ‘होत्या’ काढून तिथे ‘आहेत’ करून मिळेल का? अर्ज करावा लागेल काय?”

तो हसायला गेला आणि थांबला. चहाचा ग्लास खाली ठेवला.

“मावशी,” तो म्हणाला, “भरपाई त्या ‘होत्या’चीच मिळालीय.”

ह्यांनी तोंड फिरवून पनवेलची गाडी लागली का ते बघितलं. मी म्हटलं, “मग राहू दे,” आणि स्टँडवरच्या त्या बाकड्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, तीन वर्षांत पहिल्यांदा भोकाड पसरून रडले.